पांढऱ्यातला कुठला पांढरा

त्याने काउंटरवर दात ठेवले, आणि ती दोन पावलं मागे सरकली.

तोंडातले नव्हेत. एका धातूच्या पट्टीवर ओळीने बसवलेले सोळा सुटे दात, प्रत्येकाखाली बारीक नंबर.

"घाबरू नका," तो घाईघाईने म्हणाला. "नमुन्याचे आहेत. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. मला... पांढरा रंग हवा होता."

"कशाला लावायचाय?"

"ग्लायडरला."

मामाच्या दुकानात गाड्यांचे रंग मिसळायला लागून तिला सात वर्षं झाली होती. या काउंटरवर तिने ट्रकला, फ्रिजला, सायकलला, एवढंच काय, एका हौशी माणसाच्या पियानोलाही रंग जुळवून दिला होता. पण ग्लायडर?

"म्हणजे ते... बिनइंजिनाचं विमान?"

"हो. मी आणि बाबा घरीच बांधतोय. सहा वर्षं झाली. आता फक्त रंग राहिलाय."

"मग द्या की पांढरा. त्यात काय!"

"कुठला पांढरा?" त्याने दातांची पट्टी तिच्याकडे सरकवली. "हा बघा, यात पिवळ्याची झाक आहे. हा राखाडीकडे जातो. हा निळसर. माझा सगळा दिवस यातच जातो, त्यामुळे मला नुसता पांढरा असा दिसतच नाही हो. मला... काहीच कळेनासं झालंय."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर पांढरी पूड, बहुधा प्लास्टरची. मनगटावर वाळलेल्या रेझिनचा चकचकीत ठिपका. आणि डोळ्यांत असा गोंधळ, की समोरच्यालाच वाटावं आपण काहीतरी विसरलोय.

"चकचकीत हवा की मंद?" तिने विचारलं.

"काय फरक पडेल?"

"मंद रंग खालच्या चुका लपवतो. चकचकीत सगळं दाखवतो. किती चुका आहेत?"

"बाबांना विचारलंत तर शंभर."

"आणि तुम्हाला विचारलं तर?"

"...बाबांनाच विचारा."

ती हसली. तोही हसला. उशिराने, परवानगी मिळाल्यासारखा.

त्यानंतर तो दर शनिवारी दुपारी यायला लागला. येताना फायबरचे तळहाताएवढे तुकडे आणायचा. ती त्यावर वेगवेगळे पांढरे फवारून द्यायची, मागे पेन्सिलने नंबर घालायची. होड्यांना देतात तो जाड जेलकोट द्यायचा, की गाड्यांचा, दोन डबे मिसळून होणारा पातळ रंग, यावर तीन शनिवार गेले. जेलकोट हवा तसा घासता येतो, पण वजन वाढवतो आणि काही वर्षांनी त्याला केसासारखे तडे जातात. गाडीचा रंग हलका, पण पंखावर तीळभर जरी उंचवटा राहिला, तरी आरशासारखा दाखवून देतो.

"तुम्हाला काय वाटतं?" तो विचारायचा.

"विमान तुमचं आहे."

"हो, पण तुम्हाला योग्य वाटेल तसं करू."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. चहा घेणार का विचारलं, तर "तुम्ही घेत असाल तर." पंखा लावू का, तर "तुम्हाला उकडत असेल तर." एकदा तिने मुद्दाम एकाच डब्यातला रंग दोन तुकड्यांवर मारला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "यातला कुठला?" त्याने दोन्ही तुकडे दारात नेऊन उजेडात धरले, मान तिरकी केली. "डावा जरा ऊबदार वाटतोय... की उजवा? तुम्हाला कुठला वाटतोय?"

तिला हसू आवरेना. खरं सांगितलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. पुढच्या शनिवारी मात्र पुन्हा हजर!

मामा हे सगळं हिशेबाच्या टेबलामागून चष्म्याच्या वरून बघत होता. एक दिवस न राहवून म्हणाला, "हा माणूस पांढऱ्याला पांढरं म्हणायला तयार नाही. म्हणजे एकतर वेडा आहे, नाहीतर तुझ्यासाठी येतोय."

"मामा!"

"दोन्ही असेल तर आणखीच बरं. तुझ्याशी जमेल तरी."

खरं तर तिलाच उत्तर माहीत नव्हतं. आपल्यासाठी येत असेल तर बोलत का नाही? नसेल येत, तर जाताना दारात थांबून दोनदा मागे का बघतो? आणि शनिवारी सकाळी आपण आरशासमोर केसांशी एवढं का झटतो? एकाही प्रश्नाला नंबर नव्हता, सूत्र नव्हतं. वजनकाट्यावर थेंबाथेंबाने रंग मोजणाऱ्या मुलीला हा प्रकार फार अवघड जात होता.

मग तो शनिवार आला. पांढऱ्या तुकड्यांची चळत बघून तिला अचानक कंटाळा आला. अख्खं गाव पांढऱ्या गाड्यांनी भरलेलं, आणि आकाशात जायचं तेही पांढरंच?

"थांबा, तुम्हाला एक दाखवते."

मागच्या फळीवरून तिने एक डबा काढला. तीन वर्षांपूर्वी मोजताना तिचा हात चुकला होता आणि त्या चुकीतून तो रंग तयार झाला होता. गडद, निळ्या-हिरव्याच्या मधला, आत मोत्यासारखी खोल चमक. कुठल्याही पुस्तकात त्याला नंबर नव्हता. तिने एका तुकड्यावर तो फवारला आणि दारातल्या उन्हात धरला.

"माझं विमान असतं ना, तर मी हाच दिला असता," ती म्हणाली. बोलताना तिचे डोळे असे चमकत होते, की तो तुकडा सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

"छान आहे," तो हळूच म्हणाला. "फारच छान आहे."

आणि अख्खा डबा घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात दुकानात फोन आला. "रविवारी याल का... बघायला? म्हणजे वेळ असेल तर. नसेल तर काही नाही..."

"येते," ती म्हणाली, त्याने स्वतःच नकार पुरा करण्याआधी.

गावाबाहेर एक बंद पडलेली लाकडाची वखार होती. तिच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते विमान होतं. ती पोचली तेव्हा भर दुपार झालेली. शेडसमोर उन्हात, दोन लाकडी घोड्यांवर, एक लांबच लांब पंख आडवा ठेवला होता.

तिचा रंग! वरची बाजू सबंध, टोकापासून टोकापर्यंत. ऊन त्यावरून असं सरकत होतं जसं खोल पाण्यावरून सरकतं.

"तुम्ही... तुम्ही खरंच दिलात?"

"तुम्हाला आवडला होता ना," तो म्हणाला.

तिने पुढे होऊन पंखावर हात ठेवला — आणि झटक्यात काढून घेतला. तव्यावर हात पडावा तसा चटका बसला होता.

"उन्हात आहे ना म्हणून," तो पुटपुटला आणि दुसरीकडे बघायला लागला.

तेवढ्यात फाटक वाजलं. हातात प्रवासाची बॅग घेतलेला एक सडसडीत म्हातारा आत आला. त्याचे बाबा. जन्मभर फायबरच्या होड्या दुरुस्त केलेला माणूस. आठवडाभर लेकीकडे राहायला गेला होता आणि एक दिवस आधीच परतला होता. त्याने पंख पाहिला. बॅग हातातून सुटली.

"कोणी दिला हा रंग?"

"बाबा, मी—"

"तू? तुला माहीत असून?" म्हाताऱ्याने पंखावर हात ठेवला, चटका बसला तरी काढला नाही. मग तिच्याकडे वळला. तिच्यावर आवाज चढवणं त्याला बरं वाटेना, म्हणून तो दात आवळून एकेक शब्द बोलला. "हे सगळं रेझिन आहे बाई. एका मर्यादेपलीकडे तापलं की मऊ पडतं. पांढरा रंग ऊन परतवून लावतो, गडद रंग पिऊन टाकतो. असली विमानं पांढरी असतात ती काय हौस म्हणून? वर गेल्यावर पंखाने मान टाकली तर काय करणार होता हा?"

"मला... मला माहीत नव्हतं. मी गाड्यांचे रंग..."

"तुला कसं माहीत असणार? याला माहीत होतं!"

ती त्याच्याकडे वळली. "होतं?"

तो बाबांची पडलेली बॅग उचलायला वाकला.

"मी बोलते आहे. तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग दुकानात का नाही सांगितलंत? 'नाही चालणार', एवढंच म्हणायचं होतं!"

"तुम्ही इतक्या खुशीत दाखवत होतात... मला नाही म्हणवेना. वाटलं, सकाळी थंडाव्यात उडवीन, उन्हाआधी उतरवीन..."

"आणि नसतं उतरवता आलं तर?"

ती तशीच पाठ फिरवून फाटकाबाहेर पडली, समोर आली त्या बसमध्ये चढली आणि शेवटच्या थांब्यावर उतरल्यावर तिच्या लक्षात आलं, की बस उलट्या दिशेची होती.

परतीच्या बसची वाट बघत ती बाकावर बसून राहिली. आजवर कोणी तिच्यासाठी एवढं काही केलं नव्हतं. आणि एवढा मूर्खपणाही कोणी केला नव्हता. आता यातल्या कशाचं काय करायचं? तिला राग आला होता हे नक्की. पण रागाच्या खाली काहीतरी गोड, ऊबदार होतं, आणि त्या गोडाचा तिला आणखी राग येत होता. डोळे भरून आले. ते कशामुळे, हेही कळेना.

दुसऱ्या दिवशी मामाने सगळं ऐकून घेतलं. चष्मा पुसला.

"राग नेमका कशाचा आलाय? त्याने रंग दिला त्याचा, की तो मेला असता त्याचा?"

"दोन्हीचा."

"हं," मामा म्हणाला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग मला तर एकच गोष्ट दिसतेय. तुला दोन दिसत असतील तर डोळे तपासून घे."

दोन शनिवार तो आला नाही. पहिल्या शनिवारी तिने एका गिऱ्हाइकाच्या राखाडी बंपरसाठी चंदेरी मिसळून दिला. दुसऱ्या शनिवारी तेच गिऱ्हाईक बंपर घेऊन भांडायला आलं. त्याची समजूत घालून झाल्यावर तिने कपाटातून पाण्यात घासायच्या पॉलिश पेपरचा गठ्ठा काढला, मामाला म्हणाली, "उद्या मी नाहीये," आणि रविवारी सकाळी वखारीच्या फाटकाशी उभी राहिली.

फाटक बाबांनी उघडलं. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या गठ्ठ्याकडे.

"घासायला आलीस?"

"हो."

"ये. टोकाकडून सुरू कर. जोर लावू नकोस, पाणी भरपूर घे."

तो पंखाच्या दुसऱ्या टोकाशी आधीच घासत होता. हातभरही झालं नव्हतं. तिला पाहून उठायला लागला, तशी ती म्हणाली, "उठू नका. काम करा."

तासभर नुसता खर्र-खर्र आवाज. निळं-हिरवं पाणी पंखावरून ओघळत होतं, तिच्या कोपरांवरून थेंब गळत होते. तिने स्वतः बनवलेला, जपून ठेवलेला रंग ती स्वतःच्या हाताने उतरवत होती. वाईट वाटायला हवं होतं... पण वाटत नव्हतं. हेही कोडंच.

पहिला हलका हात फिरवत दोघं जवळ येत होते. मधे दोन हात अंतर राहिलं तेव्हा तो बोलला.

"लॅबमध्ये एक आजी आल्या होत्या. म्हणाल्या, मला अगदी पांढरेशुभ्र दात हवेत, नटीसारखे. मला दिसत होतं की त्यांच्या चेहऱ्याला ते शोभणार नाहीत. पण त्या इतक्या आनंदात होत्या, की मी दिले करून." त्याने पेपर पाण्यात बुडवला. "चार महिन्यांनी त्यांची सून भेटली. म्हणाली, आई आता हसताना तोंडावर हात धरतात."

"मग नंतर तरी बोललात?"

"दुसरे करून दिले. पण नाही म्हणायला... अजून जमत नाही. समोरच्याचा चेहरा पडतो ना, तो बघवत नाही मला."

"आणि पंख पडला असता, तर माझा चेहरा कसा झाला असता, हा विचार केलात?"

त्याचा हात थांबला. नाही. तो विचार त्याने केलाच नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. आपल्या नसण्याने तिला काही होईल, असं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला वाटलं याला गदागदा हलवावं. त्याच वेळी वाटलं, याच्या कपाळावरचं ते निळं पाणी पुसावं. तिने दोन्ही केलं नाही. पेपरची नवी घडी घातली आणि विचारलं —

"तुम्ही आमच्या दुकानात अकरा वेळा आलात. मी मोजलंय. खरं सांगा... पांढऱ्या रंगासाठी?"

पाणी टपटपत होतं. त्याने पेपर पंखावर ठेवला.

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

"चहा!" बाबा तीन कप घेऊन शेडमधून बाहेर आले आणि दोघांच्या मधोमध स्टूल टाकून बसले. कप रिकामे झाले तरी ते काही तिथून हलले नाहीत. होड्यांच्या दुरुस्तीतल्या चौदा गोष्टी त्यांनी त्या दिवशी सांगितल्या.

आणखी तीन रविवार लागले घासायला. मग पांढरा निवडायची वेळ आली. तिने सगळे तुकडे शेडच्या दारात मांडले आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"आज मी काही सांगणार नाही. तुम्ही निवडा."

तो खाली बसला. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. पाच मिनिटं गेली. शेवटी किंचित दुधाळ, ऊबदार असा एक त्याने वेगळा काढला. "हा. चकचकीत. गाडीचाच रंग, पातळ थरांत."

"मला तो निळसर जास्त आवडतो," ती म्हणाली. परीक्षा म्हणून नव्हे, खरंच आवडत होता.

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा जरासा पडलाही असेल. तरी त्याने हातातला तुकडा खाली ठेवला नाही.

"नाही. निळसर रंग डोळ्यांना टोचतो. हाच."

"नक्की?"

"नक्की."

निळसर तुकडा तिने खिशात टाकला. आपली निवड कोणी सरळ नाकारली की एरवी ती तासभर धुमसायची. आज तिला हसू फुटत होतं, आणि ते लपवायला ती रंगाचा डबा ढवळत राहिली. गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

फवारणीची बंदूक तिनेच धरली. सबंध विमानावर चार पातळ थर. वाळल्यावर बाबांनी पंखाला गाल टेकवून लांबवर नजर टाकली, बराच वेळ टाकली, आणि म्हणाले, "एकोणीस चुका दिसतात. शंभर होत्या." त्यांच्या भाषेत ही वाहवा होती.

मग तपासनीस येऊन गेला, शिक्के बसले. आणि एका सकाळी विमानाचे पंख सुटे करून, सगळं गाडीवर लादून ग्लायडिंग क्लबच्या मैदानावर नेले. तो क्लबची ग्लायडर कित्येक वर्षं उडवत होता. पण आपलं स्वतःचं, आपल्या हातचं, आज पहिल्यांदा.

काचेचं झाकण लावण्याआधी त्याने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "मी..."

"आल्यावर," ती म्हणाली. का म्हणाली कुणास ठाऊक.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाचं, विमान तारेने ओढून वर चढवणारं यंत्र गुरगुरलं. तार ताणली गेली. पंखाचं टोक धरून बाबा चार पावलं पळाले आणि सोडलं. विमान उठलं ते सरळ आकाशात चढलं. वरती तार सुटली, आणि मग आवाज असा उरलाच नाही.

ती मान वर करून बघत होती. ते वळलं, उन्हात एकदा लखलखलं, एका मोठ्या पांढऱ्या ढगापुढे गेलं, आणि दिसेनासं झालं.

पांढऱ्यावर पांढरं. तिने डोळे बारीक केले. हाताने ऊन अडवलं. ढगाच्या या कडेला पाहिलं, त्या कडेला पाहिलं. जिचे डोळे एका थेंबाचा फरक ओळखायचे, तिला एवढ्या मोठ्या आकाशात एक विमान सापडेना.

"बाबा, कुठंय तो?"

"असेल तिथेच."

"तिथे कुठे? मला दिसत नाहीये!"

तिचा आवाज इतका चिरकला, की बाबांनी वळून पाहिलं. चार महिने ती स्वतःला विचारत होती — आवडतो की नाही, राग की लोभ, हो की नाही. आत्ता या क्षणी असला एकही प्रश्न डोक्यात नव्हता. एकच होतं: तो खाली यायला हवा. बस्स.

"तो बघ," बाबांनी बोट दाखवलं. "ढगाच्या खाली. डावीकडे."

एक बारीक पांढरी रेघ. हळू वळत होती. तिचा जीव भांड्यात पडला. आणि तिने स्वतःशी मान हलवली, कारण आता काही शोधायचं उरलं नव्हतं.

तेवीस मिनिटांनी तो उतरला. गवतावरून घसरत आला, थांबला. विमानाने एक पंख अलगद जमिनीला टेकवला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कोणाची परवानगी न घेतलेलं हसू होतं. बाबांनी त्याच्याकडे न बघता आधी पंखावरून हात फिरवला. मग त्याच्या पाठीवरून.

"चला, धावपट्टी मोकळी करा!" बाबा खेकसले, कारण डोळे पुसायला त्यांना काहीतरी निमित्त हवं होतं. "मागे दुसरं विमान वळतंय. तू पुढून दोर ओढ. मी मागून रेटतो. बाई, तू पंखाचं टोक धर, आणि काही झालं तरी सोडायचं नाही!"

तिने टोक धरलं. तो पुढे दोर ओढत होता, तिच्यापासून पुरती पंधरा-वीस पावलं लांब. मधे वारा सुटलेला. सोडून जवळ जाता येत नव्हतं, आणि आता थांबणंही शक्य नव्हतं.

"ऐका!" ती ओरडली.

"काय?" त्याने मान वळवली.

"तुम्ही वर होता तेव्हा — मला दिसत नव्हतात!"

"काय दिसत नव्हतं?"

"तू! तू दिसत नव्हतास!" तिच्या तोंडून 'तू' निघून गेलं होतं, आता ते परत घेण्यात अर्थ नव्हता. "मला तू आवडतोस! चार महिने मला कळतच नव्हतं! आता कळलं!"

दोर सैल पडला. तो जागच्या जागी उभा.

"ओढ रे!" बाबा मागून ओरडले. "ते विमान डोक्यावर येईल!"

तो दचकून पुन्हा ओढायला लागला. चार पावलं गेल्यावर वाऱ्यावरून त्याचा आवाज आला. "हो!"

तिच्या मनात शंका आली. या माणसाच्या 'हो'चा काय भरवसा?

"हो म्हणजे? मला बरं वाटावं म्हणून हो?"

"नाही!" तो ओरडला. मग घाबरून, "म्हणजे नाही नाही, हो! खरंच हो! मला पहिल्या दिवसापासून... तू मागे सरकलीस ना, तेव्हापासून!"

"मग बोलला का नाहीस?"

"कळत नव्हतं कसं—"

"मला कळत होतं," मधूनच बाबा म्हणाले. ते धापा टाकत विमान रेटत होते. "पहिल्या आठवड्यातच. माणूस एक पांढरा डबा आणायला अकरा वेळा जातो होय! आता हे क्लबच्या शेडपर्यंत न्या, मग काय ते बोला. आणि बाई—"

"काय बाबा?"

"टोक खाली झुकतंय. नीट धर. आता तुझंही आहे ते."

तिने दोन्ही हातांनी टोक उचलून धरलं. पंख सकाळच्या उन्हात होता, तरी हाताला गार लागत होता. मागे दुसरं विमान गवतावर उतरलं. पुढे दोर ओढणारा माणूस दर चार पावलांना मागे वळून तिच्याकडे बघत होता, त्यामुळे विमान शेडकडे सरळ न जाता वाकडंतिकडं चाललं होतं, आणि बाबा त्याला रागावत होते.

तिला फार हसू येत होतं.